शिंपल्यांचा ओटा

सरजाबाईचं नाव मी सहा वर्षं नीट घेतलं नव्हतं. घेतलंच तर पुढं 'ती पल्याडची चोरटी' असं लावून. आज तिच्या नावानं मी देवापुढं हात जोडते. तेव्हाचं तोंडही माझंच आणि आताचंही माझंच. दोन्ही मला कबूल आहे.

आमच्या तळ्याच्या दोन काठांवर दोन गावं आहेत. अल्याडची हिवरदरी आणि पल्याडची हिवरदरी. चाळीस वर्षांमागं ते एकच गाव होतं. बांध उभा राहिला, पाणी चढलं, आणि अर्धं गाव ह्या काठावर, अर्धं त्या काठावर जाऊन बसलं. सरजा आणि मी एकाच आळीत नांदायला आलेल्या, एका महिन्याच्या अंतरानं. एका उखळात मिरच्या कुटलेल्या. मधून पाणी गेलं आणि आम्ही दोन गावच्या झालो. पुढं दोन कचेऱ्यांच्याही झालो, कारण हा काठ एका तालुक्यात पडला आणि तो दुसऱ्या.

जमिनी बुडाल्या तेव्हा सरकारनं गावाला एक कागद दिला. त्यात बरंच काही होतं, ते पुरुषांनी वाचलं. आम्हा बायांच्या कामाची एकच ओळ होती. तळ्यातले शिंपले दोन्ही गावच्या बायांनी काढावेत, दुसऱ्या कुणी काढू नयेत. त्या एका ओळीवर मी तीन लेकरं वाढवली, दोघांची लग्नं केली, आणि नवरा गेल्यावर कुणाच्या दारात उभी राहिले नाही.

होळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतल्या की आमचं काम सुरू. काष्टा घट्ट खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं आणि पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा. शिंपला हाताच्या आधी पायाला कळतो. आतलं मांस उकडून वाळवायचं आणि जिंतूरच्या बाजारात न्यायचं. वरच्या शिंपा चुन्याच्या भट्टीला जायच्या. नियम दोनच. चार बोटांपेक्षा लहान शिंपला परत पाण्यात सोडायचा. आणि मृग निघाला की पाणी बंद, दिवाळी होईतो कुणी पाय बुडवायचा नाही. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. नवी सून पहिल्यांदा पाण्यात उतरली की सासू तिची चार बोटं धरून शिंपल्यावर ठेवायची. झालं शिक्षण.

आणि ओटा. काठावर मरीआईचं ठाणं आहे, त्याला ओटा आहे. मृगाच्या आदल्या दिवशी घरटी एक बाई तिथं जमायची, त्या साली सापडलेल्या सगळ्यात मोठ्या शिंपल्याची एक शिंप घेऊन. उन्हाळ्यात पाणी हटलं की बुडालेल्या गावाची पांढरी, म्हणजे घरं होती ती जागा, उघडी पडते. तिथली माती आणायची, मळायची, ओट्याच्या भिंतीवर एक हातभर रुंद पट्टा द्यायचा आणि त्यात शिंपा एका ओळीत दाबायच्या. पाठ मातीत, चकचकीत पोट बाहेर. दर साली एक ओळ. ओटा भिंतीसारखा लांबच लांब वाढत गेला. दुपारचं ऊन पडलं की असा झळकायचा, की एसटीतून जाणारे लोक विचारायचे, तिकडं काय काचेचं देऊळ बांधलंय का. पल्याडच्या काठावरही तसाच ओटा. माती तीच, बुडालेल्या गावाची. आम्हाला त्यांचा दिसायचा, त्यांना आमचा.

मग सात वर्षांमागं मत्स्यखात्यानं पास काढले. पासावर वजन लिहिलेलं. एवढं वजन भरलं तर पुढल्या साली पास मिळेल, नाही भरलं तर पास बंद. चार बोटांचं त्यावर काहीच नव्हतं. मृगाचंही नव्हतं. मी कचेरीतल्या माणसाला विचारलं, "बारीक शिंपल्याचं काय करायचं, साहेब?" तो म्हणाला, "मावशी, वजनाला बारीक-मोठं सारखंच."

पहिल्या साली आम्ही वजन भरलं आणि चार बोटंही सांभाळली. दुसऱ्या साली वजन भरेना, तेव्हा साडेतीन बोटांचे घेतले. तिसऱ्या साली तीन. मृग निघाल्यावरही उतरलो, कारण पासाची मुदत जुलैपर्यंत होती आणि वजन बाकी होतं. हे मी माझ्या तोंडानं सांगते आहे. माझ्याच हुकमानं बाया उतरल्या. पास गेला तर पाणी गेलं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तळं रिकामं व्हायला लागलं. आमच्या कचेरीतला माणूस म्हणायचा, "पल्याडच्या बाया उपसायल्यात, मावशी. आमी काय करणार, त्यांचा तालुका येगळा." मला ते पटलं. पटायला काय लागतं, दुसऱ्याचा दोष गूळ लावल्यासारखा गोड लागतो. एकदा जिंतूरच्या बाजारात सरजा दिसली. भर माणसांत मी तिला म्हणाले, "आमच्या वाटणीचं खाऊन लय गुबगुबीत झालीस की." ती टोपली उचलून दुसऱ्या ओळीत जाऊन बसली. मला वाटलं, मी जिंकले.

सहाव्या साली मृगाच्या आदल्या दिवशी बाया ओट्याशी जमल्या तेव्हा कुणाच्या हातात दोन बोटांपेक्षा मोठी शिंप नव्हती. ओळ लावली. लावून मी मागं सरले आणि बघितलं. डावीकडं माझ्या तरुणपणच्या ओळी, तळहाताएवढ्या शिंपा. मग बारीक, मग आणखी बारीक. उजवीकडच्या टोकाला लेकराच्या नखासारखं काहीतरी चिकटलेलं.

मी माझ्या सुनेला, बबिताला म्हणाले, "शेणमाती कालव. ह्या मागच्या सहाही ओळी लिंपून टाक."

ती म्हणाली, "आत्याबाई, मरीआईचं हाय ते. झाकावं का?"

"मरीआईला बी लाज वाटायली आसंल. लिंप म्हणलं तर लिंप."

तिनं लिंपलं. उजवीकडचा ओटा शेणाच्या रंगाचा झाला आणि झळकायचा थांबला.

पुढल्या हिवाळ्यात खात्याचं पत्र आलं. बबिता दहावी शिकलेली, तिनं वाचून दाखवलं. दोन्ही गावच्या महिलांनी बेसुमार शिंपले काढून तळ्याची नासाडी केली आहे, सबब त्यांचा हक्क कायमचा रद्द का करू नये, याचा खुलासा करावा. मी म्हणाले, "परत वाच." तिनं परत वाचलं. तेच निघालं. कायमचा.

आमच्या बाजूनं उभी राहिली ती दैवशाला. पालमची पोरगी, वकील झालेली, गोरगरिबांचे खटले फुकट चालवायला सरकारनंच नेमलेली. म्हणजे सरकारच्या विरुद्ध भांडायला सरकारचीच माणूस. हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण ज्यानं ही सोय केली त्याचं भलं होवो. ती एसटीनं यायची आणि फाट्यापासून चालत यायची. तिनं कोर्टात अर्ज केला. कोर्टानं सांगितलं, एक निवृत्त जज्ज तळ्यावर जातील, दोन्ही काठ बघतील, आणि दोष कुणाचा ते ठरवतील. दोष बायांचा निघाला तर हक्क गेला. खात्याचा निघाला तर हक्क राहील आणि नासलेलं तळं खात्यानं सुधारून द्यायचं.

"आजी," दैवशाला म्हणाली, "ते म्हणतील, बायांनी पहिल्यापासूनच असं ओरबाडलं. तळं पास यायच्या आधी चांगलं होतं, हे दाखवायला तुमच्याकडं काय हाय?"

मी म्हणाले, "ओटा हाय की."

तिला घेऊन मी ऐटीत गेले. तिनं डावीकडच्या ओळी बघितल्या, हात फिरवला, तोंडात बोट घातलं. मग उजवीकडं बघितलं. "आन् हे?"

मी बबिताकडं बघितलं. बबितानं तळ्याकडं बघितलं. शेवटी मलाच सांगावं लागलं.

दैवशालानं लिंपणावर नख ओढून बघितलं. मग म्हणाली, "आजी, तेच तर पायजे व्हतं. मोठे व्हते हे अर्धंच झालं. कोणत्या सालापासून बारीक झाले, ते त्या सहा ओळीतच हाय."

"मग उकरते," मी म्हणाले. खुरपं मागवलं आणि स्वतःच बसले. शेणमातीत बबितानं भुस्सा चांगला मळला होता, कामाला पक्की आहे ती. लिंपण पापुद्र्यासारखं सुटलं आणि शिंपा त्यालाच चिकटून निघाल्या. बारीक शिंप पातळ असते. हातात घेतली की चुरा. मी एक ओळ काढली, चुरा. दुसरी ओळ हलक्या हातानं काढली, चुरा. सहाही ओळी गेल्या. पांढऱ्या मातीत नुसते खड्डे राहिले, देवीचे वण उठलेल्या तोंडासारखे. मी खुरपं फेकलं. रडले नाही, पण दैवशालानं पाण्याचा तांब्या दिला तो घेतला.

ती म्हणाली, "पल्याडच्या ओट्यावर त्या ओळी असतील का?"

मला माहीत होतं की असतील. माझ्यासारखी अक्कल सरजाला नव्हती.

"आन् नुसत्या त्यांच्या ओट्यानं भागायचं न्हाई," ती म्हणाली. "खातं म्हणंल, पल्याडच्यांचं बारीक झालं कारण अल्याडच्यांनी उपसलं. दोन्ही काठ सोबत उभे राहिले तरच कायतरी व्हईल. तुमी त्यांच्याकडं जा."

"मी?"

"मग कोण, मी? मी त्यांना बाजारात बोलले न्हाई."

म्हणजे तिला तेही कुणीतरी सांगितलं होतं. बबिता अजून तळ्याकडंच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि बबिता बांधावरून पल्याड गेलो. सहा वर्षांनी गेले. सरजा अंगणात तूर पाखडत होती. मला बघून तिनं सूप थांबवलं नाही.

"ये कस्तुरे," ती म्हणाली. "काय ऱ्हायलंय आता न्यायचं?"

"न्यायला न्हाई आले. मागायला आले."

"मंग तर बसच. हे बगायला मी लय वर्सं जगले."

मी बसले. सगळं सांगितलं, पत्राचं, जज्जांचं, दैवशालाचं. त्यांनाही तेच पत्र आलं होतं. त्यांच्या कचेरीतला माणूसही सहा वर्षं सांगत होता, अल्याडच्या बाया उपसायल्यात, तालुका येगळा हाय. ते ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो. सुपातली तूर सुपातच राहिली.

"तू मला कदी काही बोलली न्हाईस," मी म्हणाले.

"घरात रोज बोलायचे. तुज्या सात पिढ्या काढल्या मी. बाजारात माल खराब व्हतो म्हून गप बसले."

मग तिनं विचारलं, "तुजा ओटा का झळकंना झालाय? दुपारी मी हिकडून बगत ऱ्हाते. उजवी बाजू एकदम इझली. मी आमच्या पोरीला इचारलं, कस्तुरा हाय का गेली."

मी म्हणाले, "लिंपला."

"कामून?"

"बारीक शिंपा तुला दिसू नये म्हून."

ती हसली नाही. हसली असती तर मी उठून आले असते. ती उठली, आम्हाला तिच्या ओट्याशी घेऊन गेली. सगळ्या ओळी जागेवर होत्या. शेवटच्या ओळीतली शिंप दीड बोटाची. आमच्याहून बारीक.

"आमी न्हाई झाकलं," ती म्हणाली. "आजारी पडलेलं लेकरू का घरात कोंडून ठेवतेत?"

"हे साहेबाला दाखवशील?" मी विचारलं. "तुमी बी बारीक काढले, हे त्यात दिसतंय. तुमच्यावर शेकंल."

"शेकंल तर शेकंल. पर आदी तुजा ओटा मला दाखव. तू काय झाकलंस ते मी बगणार, मंग बोलणार."

मला ते झोंबलं. पण गरज माझी होती. मी म्हणाले, "परवा ये. साहेब तेरवा येणारेत."

ती येणार म्हणून मी घरी आल्या आल्या बबिताला सांगितलं, ते खड्डे तेवढे बुजव. तिला काय ते वण दाखवायचे? आणि साहेबासमोरही ओटा कसा नीटनेटका दिसला पाहिजे. बबितानं पांढरी माती मळून ठेवली. सरजा यायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ओट्याशी बसलो. बबितानं मातीचा गोळा उचलला आणि पहिल्या खड्ड्याशी नेला.

"थांब गं पोरी." मागून सरजाचा आवाज. म्हातारी सांगितल्यापेक्षा दोन तास आधी आली होती, पहिल्या एसटीनं. मला ओळखते ना.

ती ओट्यापुढं उकिडवी बसली. डोळे अधू झालेत तिचे, म्हणून बोटानं चाचपू लागली. एका खड्ड्यात तिनं अंगठा घातला, फिरवला, दुसऱ्यात घातला. मग माझा हात ओढला आणि माझं बोट आत दाबलं.

"काय लागतंय?"

"खड्डा लागतोय."

"नीट बग. पायानं शिंपले वळकतीस आन् बोटानं कळंना?"

मी बघितलं. खड्ड्याच्या तळाला शिंपेच्या पाठीवरच्या रेषा उमटल्या होत्या. एकात एक, एकात एक, जशा शिंपेवर असतात तशाच. कडही पूर्ण होती. पांढरी माती वाळली की दगड होते. शिंप गेली होती पण तिचं माप सोडून गेली होती. पहिल्या ओळीचे ठसे चार बोटांचे, दुसरीचे साडेतीन, आणि तसंच पुढं, शेवटपर्यंत.

बबिताच्या हातातला मातीचा गोळा गळून पायावर पडला. मी त्या गोळ्याकडं बघितलं. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर सहा वर्षं मी दुसऱ्यांदा बुजवली असती आणि ह्या वेळी ती कुणालाच परत काढता आली नसती.

"सरजे," मी म्हणाले.

"चहा टाक," ती म्हणाली. "पैल्या एसटीला चहा मिळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सत्तरीचे, पांढऱ्या टोपीचे, हळू चालणारे. त्यांनी आधी पल्याडचा ओटा बघितला, मग आमचा. शिंपा मोजपट्टीनं मोजल्या. आमचे ठसे मोजताना खाली बसावं लागलं तर बसले, धोतराला माती लागली तर झटकली नाही. सोबतच्या माणसाला आकडे सांगत गेले. मग लिंबाखाली खुर्चीवर बसले. एका बाजूला दोन्ही कचेऱ्यांचे दोन अधिकारी, दुसऱ्या बाजूला आम्ही दोन्ही गावच्या बाया.

आमच्या कचेरीचा अधिकारी उठला. म्हणाला, "साहेब, बारीक शिंपले ह्या महिलांनी स्वतः काढलेत. ह्यांच्याच ओट्यावरून सिद्ध होतंय. कुणी सक्ती केली नव्हती. आणि ह्या कस्तुराबाईंनी तर पुरावाच लिंपून टाकला होता."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "खरं आहे का, बाई?"

दैवशालानं मला बोलायच्या आधी विचार करा म्हणून सांगून ठेवलं होतं. मी उभी राहिले.

"खरं हाय साहेब. बारीक आमी काढले. मीच काढायला लावले. पास जाईल म्हून भ्यालो. आन् लिंपलं ते बी मीच. पर सरकारपासून झाकलं न्हाई. सरकार सात वर्सांत एकदा बी बगायला आलं न्हाई, त्याच्यापासून काय झाकायचं? मी झाकलं ह्या सरजाबाईपासून. आमी एकमेकीला चोर समजत व्हतो. मला चोराम्होरं लाज वाटत व्हती."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पास मागवला आणि वाचला, वजनाची अट दोनदा वाचली. मग त्या अधिकाऱ्याला विचारलं, "तळ्यात शिंपले किती, याची मोजणी केली होती?"

"केली होती साहेब. नियमानुसार एकूण साठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच पास दिले."

"एकूण म्हणजे सबंध तळ्याचा?"

"सबंध तळ्याचा."

मग त्यांनी पल्याडच्या अधिकाऱ्याला तेच विचारलं. त्यानंही तेच उत्तर दिलं. सबंध तळ्याची मोजणी, तिसरा हिस्सा. देताना त्याला काही कळलं नाही. खाली बसता बसता कळलं असावं, कारण तो अर्धा बसून तसाच राहिला.

"एकमेकांच्या कचेरीला कधी विचारलंत?" साहेब म्हणाले.

दोन्ही अधिकारी आपापले कागद चाळू लागले.

"तळी किती आहेत इथं?"

तेव्हा सरजा बसल्या जागेवरून म्हणाली, "एकच हाय साहेब. आमच्या जिमिनी गेल्या तवापासून एकच हाय."

ह्या वेळी साहेबही हसले.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "तुम्ही लिंपलं नसतं, तर बरं झालं असतं." मी म्हणाले, "व्हय साहेब." ते म्हणाले, "पण खोटं बोलला नाहीत ते जास्त बरं झालं." एवढंच. मला आयुष्यात शाबासकी फार मिळाली नाही, आणि मीही कुणाला दिली नाही. ती मी पदराला बांधून ठेवली आहे.

निकाल दसऱ्याच्या आधी आला. दैवशाला स्वतः घेऊन आली, मरीआईच्या ओट्याशी बसून तिनं वाचला. भाषा अवघड होती, ती मधेमधे थांबून सांगत होती. एका तळ्याचे शिंपले दोन कचेऱ्यांनी दोनदा वाटले. वजनाची अट घालून बायांना बारीक माल काढायला भाग पाडलं. दोन्ही काठांवरचे शिंपले एकाच सालापासून सारखेच बारीक होत गेले, म्हणजे एका गावानं दुसऱ्याचं खाल्लं नाही. नासाडीची जिम्मेदारी खात्याची. बायांचा हक्क कायम. दोन वर्षं तळं सगळ्यांना बंद, आणि तेवढ्यात खात्यानं नदीतून जिवंत शिंपले आणून सोडायचे. इथून पुढं मोजणी एकच होईल, तिला दोन्ही गावच्या बाया हजर राहतील, आणि पासावर वजनाच्या जागी चार बोटं येतील.

"बोटं लिवलीत?" मी विचारलं.

"सेंटिमीटर लिवलंय आजी. पर ते तुमच्याच बोटांवरनं काढलंय. साहेबांनी मोजली व्हती ना त्या दिवशी."

मोजली होती खरी. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला हात बघायचा नाद असेल.

दिवाळीनंतर ट्रक आला. ओल्या गोणपाटात शिंपले. सरजा पल्याडहून आली, दोन्ही गावच्या बाया काठावर. आमच्या कचेरीतला अधिकारीही आला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यापासून दोन हात लांब.

"उतरा साहेब," मी म्हणाले. "पाणी चावत न्हाई. तुमचंच हाय, मोजलेलं हाय."

उतरला बिचारा. बायांनी त्याला जागा दिली, टोमणेही दिले, आणि शिंपला कसा आडवा ठेवायचा, तोंड वर करून फेकायचा नाही, ते दाखवलं. त्यानं नीट ठेवले. ते मला आवडलं. त्याचंही भलं होवो. त्याच्या बायकोला त्याच्या पँटच्या चिखलाचं काय ते बघू दे.

मी सरजाची खणानारळानं ओटी भरली, काठावरच, सगळ्यांसमोर. विधवेनं भरू नये म्हणतात, मी भरली. बाजारात जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच फेडायला हवं होतं. ती म्हणाली, "खण जरा बरा घ्यायचास." मी म्हणाले, "चोरटीला एवढा पुरे." मग दोघी पाण्यात उतरलो, हात धरून, कारण आता दोघींचे गुडघे सांगतील तेवढंच ऐकायचं.

कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर माझ्या डाव्या पायाला काहीतरी लागलं. नवीन सोडलेला नव्हता. ते अजून काठाशीच होते. चिखलात खोल रुतलेला, जुना. मी अंगठा फिरवला. चार बोटं सहज भरत होती, कदाचित पाच. ह्या सगळ्या वर्षांतून, सगळ्या पायांतून कसा वाचला कोण जाणे.

"सरजे," मी म्हणाले, "हितं पाय ठेव."

मी तिच्या दंडाला धरून तिला वळवलं. तिनं पाय सरकवला, चाचपलं, आणि थांबली. काठावरून बबिता हाका मारत होती, काय झालं आत्याबाई, काय झालं.

"घर केलंय त्यानं," सरजा म्हणाली.

"हूं."

"मंग आता पाय उचल कस्तुरे. तुज्या वजनानं मरंल."